मेन्यू मिटा

"मेन्यू मिटा."

टेबलावर पाण्याचे ग्लास येण्याआधी हे वाक्य यायचं. मग मावशी उजवा हात पुढे करायच्या आणि आमच्या हातातली ती प्लास्टिक चढवलेली अठरा पानी कार्डं एकेक करून गोळा करायच्या, परीक्षेच्या हॉलमध्ये बाई उत्तरपत्रिका गोळा करतात तशी. कुणी एखादं पान चाळत राहिलाच तर, "ए बाबा, वेळ संपली," म्हणून ओढूनही घ्यायच्या. सगळी कार्डं मांडीवर, त्यावर पर्स. आणि मग समोर जो कोण ऑर्डर घ्यायला उभा असेल त्याला पहिला प्रश्न, "आत कोण आहे?"

आत म्हणजे किचनमध्ये. आचारी कोण, कुठल्या गावचा, आई काय करायची घरी, इथवर चौकशी झाल्याशिवाय आमच्या टेबलाची ऑर्डर जात नसे. मेन्यूवर काय लिहिलंय याच्याशी मावशींना काहीही कर्तव्य नव्हतं. "लिहायला काय जातंय? कागद कुणाच्याही नावाने छापता येतो. माणूस त्याच्या गावचंच चांगलं करतो."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच, की ज्याच्यासोबत जेवायला जायचं म्हणजे स्वतःचं डोकं घरी ठेवून जायचं. आमच्या मावशी तशा होत्या. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर "परवानगी कुठंय?" म्हणून आधी फोन येईल आणि मग माझ्या शुद्धलेखनावर बोलतील. अमेरिकेत कॅरी नावाचं गाव आहे, तिथल्या निम्म्या मराठी माणसांच्या त्या मावशी होत्या, तेवढं पुरे.

मी सांगलीचा. अकरा वर्षांपूर्वी कॅरीत आलो तो एका औषध कंपनीच्या कॉम्प्युटर सिस्टीम्स सांभाळायला. मावशी त्याच कंपनीत क्वालिटी ऑडिटर. औषधांच्या कारखान्यात जायचं, चुका काढायच्या आणि लिहून ठेवायच्या, हे त्यांचं काम. तिथे चुकीला चूक म्हणत नाहीत, ऑब्झर्व्हेशन म्हणतात. साधी असेल तर मायनर, जड असेल तर मेजर, आणि कारखान्याला कुलूप लागेल अशी असेल तर क्रिटिकल. माझ्या पहिल्याच रिपोर्टमध्ये त्यांना अकरा ऑब्झर्व्हेशनं सापडली. भरल्या मीटिंगमध्ये त्यांनी अकराही इंग्रजीत वाचून दाखवली. नंतर मला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि मराठीत विचारलं, "सांगलीचा का? जेवतोस कुठं?"

मी म्हणालो, "फ्रोझन पराठे आणतो."

"हे बारावं," मावशी म्हणाल्या. "मेजर. शनिवारी सहा वाजता तयार राहा."

त्या शनिवारी त्या मला आंध्र पद्धतीच्या एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेल्या. एका बाजूला कराटेचा क्लास, दुसऱ्या बाजूला लॉन्ड्री, मध्ये हे. टेबलावर आणखी दोघं होती. नागपूरचा देवदत्त, त्याला सगळे देवा म्हणायचे, आणि मुंबईची पण मुळात मालवणकडची शलाका. दोघंही माझ्यासारखीच मावशींनी कुठून कुठून उचलून आणलेली. मी मोठ्या उत्साहाने मेन्यू उघडला आणि म्हणालो, "मी पनीर बटर मसाला घेतो."

देवाने डोळे मिटले. शलाका पाणी प्यायला लागली.

"पनीर बटर मसाला," मावशी शांतपणे म्हणाल्या, "कुठल्या गावचा आहे?"

"ज्याला गाव नाही त्याला आपण मागवत नाही," असं म्हणून त्यांनी माझा मेन्यू मिटला, तो पुढची दहा वर्षं उघडला नाही.

मावशी स्वतः नांदेडच्या. तेलंगणाची हद्द तिथून जवळ, त्यामुळे त्यांना कामापुरतं तेलुगू येत होतं. "मीदि ए ऊरु?" म्हणजे तुमचं गाव कुठलं, एवढं त्यांनी दारातूनच विचारलं की आंध्रच्या माणसाचा चेहरा बदलायचा. या रेस्टॉरंटचा आचारी रमणा, गुंटूरकडचा, साठीला आलेला, अबोल गृहस्थ. मावशी आल्याचं कळलं की तो किचनच्या दारातून फक्त मान हलवायचा. मावशी उलट मान हलवायच्या. झाली ऑर्डर. मालकीणबाई वही घेऊन उगाच उभ्या असायच्या.

महिन्याचा पहिला शनिवार हा नेम ठरून गेला. नंतर माझं लग्न झालं, अनघा इकडे आली, आणि आम्ही पाच झालो. कधी केरळी, कधी गुजराती थाळी, कधी चेट्टिनाड, पण फिरून फिरून रमणाकडे. मावशींची पद्धत सगळीकडे एकच. गुजराती थाळीवाल्याकडे आचारी ओडिशाचा निघाला, तर त्याच्याकडून मावशींनी डाळ आणि भाज्या एकत्र शिजवलेला डालमा करून घेतला. शेजारच्या टेबलावरचं गुजराती कुटुंब माना वळवून बघत होतं. शेवटी त्यांच्यातल्या आजोबांनी उठून येऊन विचारलं, "हे कुठल्या पानावर आहे?" मावशी म्हणाल्या, "मेन्यू मिटा, मग मिळेल."

पद्धत एकदाच फसली, असं आमचं म्हणणं. मावशी ते मान्य करत नाहीत. एका केरळी रेस्टॉरंटमध्ये "आत कोण आहे?" विचारल्यावर मालक जरा चाचरला, आणि आतून मिगेल नावाचा मेक्सिकन माणूस हात पुसत बाहेर आला. केरळी आचारी सुटीवर गेला होता. आम्हाला वाटलं, आता तरी मेन्यू उघडायला मिळेल. पण मावशींनी मिगेलला त्याचं गाव विचारलं, आई विचारली, आणि दुपारी तुम्ही स्वतः काय जेवलात तेही विचारलं. मग आम्ही केळीच्या पानावर काळ्या घेवड्याची उसळ आणि मक्याची भाकरी जेवलो. "इतकं चांगलं केरळी जेवण मी केरळात नाही खाल्लं," मावशी म्हणाल्या, आणि मिगेलच्या आईचा पत्ता लिहून घेतला. दिवाळीला तिला चिवडा गेला.

जेवताना ऑब्झर्व्हेशनं चालू असायची. पेपर नॅपकिनवर बारीक अक्षरात. "एक. सांबारात गूळ जास्ती, मायनर. दोन. पापड मघाचा तळलेला, मायनर. तीन. भात फ्रिजमधला, मेजर." जाताना तो नॅपकिन मालकाच्या हातात द्यायच्या, खाली सही आणि तारीख करून. काही मालक हसायचे, काही रागवायचे. एकाने तो फ्रेम करून लावला होता, पण पाहुण्यांना वाचता येऊ नये इतक्या उंच.

आणि जेवण संपलं की, "जरा आत सांगून येते," म्हणून मावशी किचनमध्ये जायच्या. पंधरा मिनिटं, कधी वीस. परत यायच्या तेव्हा बाह्या कोपरापर्यंत वर, मनगटं ओली, अंगाला साबणाचा वास. आम्ही समजायचो, ऑडिट. आचाऱ्यांना हात धुवायला शिकवत असणार. देवा म्हणायचा, "बिचारा रमणा. आठवडाभर राबतो, आणि वर ही शिक्षा."

आता एक गोष्ट सांगतो, ती हसण्यासारखी नाही.

लग्नाच्या आधीच्या वर्षी माझे वडील गेले. बातमी सकाळी आली. माझे व्हिसाचे कागद तेव्हा रिन्यूअलला गेलेले. वकील म्हणाला, जाऊ शकता, पण परत कधी येता येईल ते मी सांगू शकत नाही. आई फोनवर म्हणाली, "नको येऊस, इथलं सगळं दादाने केलं." मी ऑफिसमध्ये जाऊन बसलो, कारण घरी बसवेना. मावशींना कुणी सांगितलं कोण जाणे. दोन वाजता त्या माझ्या टेबलाशी आल्या, माझा लॅपटॉप मिटला आणि म्हणाल्या, "चल."

रमणाचं रेस्टॉरंट दुपारी अडीच ते पाच बंद असतं. मावशींनी मागचं दार वाजवलं. रमणाने आत घेतलं. थोड्या वेळाने त्याने भात आणि मज्जिगा पुलुसू आणून ठेवलं, म्हणजे त्यांच्याकडची ताकाची कढी. रंग तसाच, वास तसाच, वर मेथीची फोडणी. आमच्या घरी कुणी आजारी असलं, कुणी गावाला जाऊन आलं, की आई भात आणि कढीच करते. मी ताटाकडे बघत बसलो. मावशींनी स्वतःचंही तेच ताट वाढून घेतलं होतं. "मला तर बाबा जगात कढीभाताएवढं काहीच आवडत नाही," त्या म्हणाल्या. "मी जेवायलेय. तू पण जेव." त्या जेवायला लागल्या, म्हणून मी जेवलो. दिवसभरात पहिल्यांदा रडलो तो तिथे. त्यांनी आणखी कढी वाढली.

हे मी विसरलो नाही, विसरणारही नाही. एकदा तरी या बाईला त्यांच्या आवडीचं जेवण समोर बसवून, नीट, आपण खाऊ घालायचं, हे मी त्या दिवशी ठरवलं. पण ज्या माणसाने आपले मेन्यू मिटले त्याला खाऊ घालायची संधी मिळते कुठे? ती मिळाली गेल्या वर्षी, आणि तीही शेवटची. मावशींची एकुलती मुलगी अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉथेलला असते, तिला जुळं होणार होतं. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, इथे मावशी एकट्याच. त्यांनी नोकरी सोडली, घर विकायला काढलं, आणि आम्हाला एका ओळीचा मेसेज टाकला: "महिनाअखेर निघतेय. पहिला शनिवार धरून ठेवा."

मी लगेच सूत्रं हातात घेतली. आता माझा धंदाच प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा झालेला. मावशींना न कळवता आमच्या घरी मीटिंग बोलावली. विषय एकच: या वेळी मावशी ऑर्डर करणार नाहीत, आपण करायची, आणि फक्त त्यांच्या आवडीचं.

"सोप्पं आहे," मी म्हणालो. "कढीभात."

"कढीभात काय यार?" देवा म्हणाला. "मावशींना तिखट लागतं. जाळ. रमणाचं ते गुंटूरचं चिकन. मला स्वतः सांगितलंय, देवा, आपण दोघंच इथे खरे खाणारे."

शलाका हसली. "तुम्हाला दोघांनाही काही माहीत नाही. मावशींचा जीव मासा. मासे असले की दुसऱ्या कशाकडे बघत नाहीत त्या. मला तर म्हणाल्या होत्या, मागच्या जन्मी मी मालवणात होते."

"गोड," अनघा म्हणाली. "बोब्बट्लु. आंध्रातली पुरणपोळी. मी आल्या आल्या पहिल्या शनिवारी त्यांनी माझ्या कानात सांगितलं होतं, मला गोडाशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही."

अर्धा तास भांडण झालं. एकमेकांवर खोटेपणाचे आरोप झाले. शेवटी मी यजमान या नात्याने निर्णय दिला की कढीभात मुख्य, बाकी काही नको, टेबलावर गर्दी नको. सगळ्यांनी मान डोलावली. इतक्या लवकर मान डोलावली तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मी मालकीणबाईंना फोन करून बजावलं, "मज्जिगा पुलुसू आणि भात. दुसरं काहीही नाही. आणि टेबलावर मेन्यू ठेवू नका." त्या म्हणाल्या, "ओके सर, नो प्रॉब्लेम." नंतर कळलं की त्या आठवड्यात त्यांनी आणखी तिघांनाही "नो प्रॉब्लेम" म्हटलं होतं.

शनिवार आला. मावशी मोरपंखी कुर्ता आणि कानात मोती घालून आल्या. बसल्या आणि सवयीने उजवा हात पुढे केला. हात तसाच हवेत राहिला. त्यांनी टेबलाखाली बघितलं. शेजारच्या खुर्चीवर बघितलं.

"मेन्यू कुठंयत?"

"आज मेन्यू नाहीत, मावशी," मी म्हणालो. "आज तुम्ही काही करायचं नाही. बसायचं."

"बसून काय करू?" असं म्हणून त्यांनी हात मांडीवर ठेवले, मग टेबलावर, मग पुन्हा मांडीवर. मालकीणबाई पाणी घेऊन आल्या तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "आत कोण आहे?" दहा वर्षं ज्याला ओळखतात तो रमणाच आत आहे, हे त्यांनाही माहीत होतं. पण विचारल्याशिवाय राहवलं नाही.

कढी आली. मी अभिमानाने वाढली. मावशींनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "वा." मी बाकीच्यांकडे बघितलं, बघितलंत ना, अशा अर्थाने. तेवढ्यात मालकीणबाई माशाचं कालवण घेऊन आल्या. मागोमाग लालभडक चिकन. त्यामागे परातभर बोब्बट्लु. मी देवाकडे बघितलं, देवाने शलाकाकडे, शलाकाने अनघाकडे, आणि अनघा पंख्याकडे बघायला लागली.

"ठरलं काय होतं?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

"ठरलं होतं, त्यांच्या आवडीचं," शलाका म्हणाली. "म्हणून मी मासा सांगितला."

"मी पण म्हणूनच," देवा म्हणाला.

मावशींनी सगळं चाखलं. माशाला वा, चिकनला वा, बोब्बट्लुला दोनदा वा. आता मला राहवेना. मी म्हणालो, "मावशी, खरं सांगा. यातलं तुमच्या आवडीचं कुठलं?"

मावशींनी आमच्या चौघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं. दहा वर्षं लोकांच्या चुका काढणारी बाई आज स्वतः सापडली होती.

"हे काय, माझीच इन्क्वायरी लावलात का?" त्या म्हणाल्या.

"मला तुम्ही सांगितलंय, तिखट," देवा म्हणाला. "दहा वेळा. तारखा देतो."

"मला मासा."

"मला गोड."

मला माझा तो दुपारचा कढीभात आठवत होता, आणि तो इतक्या जणांत वाटला गेलेला मला आवडला नाही. हे खरं आहे, म्हणून सांगतो.

मावशी जरा हसल्या. "अरे लेकरांनो, चारचौघांत माणूस एकट्याच्या आवडीचं मागवायला लाजतो. माझ्या एकटीसाठी कशाला, म्हणतो, आणि पनीर बटर मसाला मागवतो. दुसऱ्या कुणाला तेच आवडायलंय म्हटलं की भीड जाते. मग तो पोटभर जेवतो. एवढंच होतं."

दहा वर्षं प्रत्येक जण समजत होता की मावशी खास आपल्या पंगतीतल्या. आणि त्यांचं स्वतःचं काय, हे कुणी एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या एवढ्या मोठ्या प्लॅनमध्ये तेवढी एकच गोष्ट राहिली होती.

"मग तुम्हाला काय आवडतं?" अनघाने विचारलं.

"मला सगळंच आवडतंय. जेवा, गार होतंय."

माझं जेवणावरून लक्ष उडालं. ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा घाट घातला तीच होत नव्हती, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी या बाई इथे नसणार होत्या. त्याच तिरमिरीत होतो, तेव्हा मालकीणबाई एक छोटी स्टीलची ताटली घेऊन आल्या आणि त्यांनी ती मावशींच्या समोर ठेवली. ताटलीत भाताचे काळपट तपकिरी, करपलेले तुकडे होते. पातेल्याच्या बुडाला लागलेले असतात तसे.

मी भडकलो. "हे काय आणलंत? आज, या दिवशी? जळलंय हे. घेऊन जा."

मालकीणबाई म्हणाल्या, "बट सर, धिस इज फॉर..." आणि मावशींकडे बघून थांबल्या. मावशींनी मान किंचित हलवली. ताटली परत गेली. ती किचनच्या दारातून आत जाईपर्यंत मावशी तिच्याकडे बघत होत्या, हे मी पाहिलं होतं. पण त्याचा अर्थ लावायची अक्कल त्या वेळी नव्हती.

"एवढं मोठ्यानं बोलू नये," मावशी मला म्हणाल्या. "मायनर."

मग फोटो झाले, केक झाला. देवाने भाषण करायचा प्रयत्न केला, पण तिखट जास्त झाल्यामुळे त्याला हुंदके येताहेत की उचकी, हे कळेना. मावशी उठल्या. "जरा आत सांगून येते."

वीस मिनिटं झाली. मुलीला घरी बेबीसिटरकडे ठेवलं होतं, म्हणून शलाकाची चुळबुळ सुरू झाली. मी म्हणालो, मी बघून येतो, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा ते झुलतं दार ढकललं.

आत मावशी तेलाच्या उलट्या डब्यावर बसल्या होत्या. मांडीवर तीच स्टीलची ताटली. रमणा एका भल्यामोठ्या पातेल्याच्या बुडाला उलथनं घालून खरवडत होता आणि निघेल तो तुकडा त्यांच्या ताटलीत टाकत होता. मावशी तो तुकडा कडाकडा चावत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बाहेरच्या टेबलावर, कढीला, माशाला, कशालाच आलं नव्हतं.

मला बघून त्या चावायच्या थांबल्या. तोंड भरलेलं होतं. हाताने खूण केली, दार लाव.

मी दार लावलं.

"खरवड," त्या घास गिळून म्हणाल्या. "आम्ही सात भावंडं. भाताचं भगुनं जो घासेल त्याला खरवड, असा आईचा नियम होता. मी कुणाला भगुनं घासू दिलं नाही. भांडून घासायची."

तेव्हा माझी नजर सिंककडे गेली. तिथे रबराचे हातमोजे लटकत होते, आणि त्यांवर मार्करने इंग्रजीत लिहिलं होतं: आंटी. ओली मनगटं, वर केलेल्या बाह्या, साबणाचा वास. देवाला वाटणारी रमणाची शिक्षा ती हीच.

"मावशी, मग टेबलावर का नाही मागवलीत कधी?"

"ही काय मागवायची वस्तू आहे? कुठल्या पानावर असते?" त्या म्हणाल्या. "आणि आणली असती तर तुम्ही म्हणाला असता, जळकं आहे, घेऊन जा."

मी खाली मान घालून उभा राहिलो. मला खरंच रडू येत होतं, आणि रमणा माझ्याकडे बघत होता, म्हणून आणखी लाज वाटत होती. मावशींनी पायाने दुसरा एक डबा माझ्याकडे सरकवला.

"बस. उभ्याने खाऊ नये." त्यांनी ताटलीतला सगळ्यात मोठा तुकडा मोडला आणि अर्धा मला दिला. बिर्याणीच्या बुडाचा होता. कडवट, खरपूस, तुपकट, त्यात एक लवंग. आम्ही दोघं कुडुमकुडुम चावत बसलो. बाहेर त्या लोकांनी माझ्या नावाने हाका मारायला सुरुवात केली होती.

"चांगली आहे," मी म्हणालो.

"मला आवडतंय म्हणून म्हणायलास?"

"नाही. खरंच."

"मग ठीकंय," असं म्हणून मावशी उठल्या, हातमोजे चढवले आणि पातेलं सिंकमध्ये ओढलं. "जा, त्यांना सांग, ऑडिट चालू आहे. आणि यातलं एक अक्षर बाहेर बोलायचं नाही. क्वालिटीची बाई जळकं खाते म्हटल्यावर इतक्या वर्षांचे माझे सगळे रिपोर्ट रद्द होतील."

मी बाहेर येऊन सांगितलं, ऑडिट चालू आहे.

मावशी गेल्या. बॉथेलला जुळ्या नाती झाल्या. आता तिथल्या कुठल्या तरी टेबलावर मेन्यू मिटले जात असतील, आणि कुणीतरी हात पुसत किचनमधून बाहेर येऊन आपल्या गावाचं नाव सांगत असेल.

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी आम्ही चौघं रमणाकडे गेलो. मेन्यू हातात होते. कुणी मिटा म्हणेना, म्हणून आम्ही ते वाचत बसलो. बराच वेळ गेला. मालकीणबाई दोनदा येऊन परत गेल्या. शेवटी देवा मेन्यूमागे तोंड लपवून म्हणाला, "मी म्हणतो, पनीर बटर मसालाच घेऊ का सगळ्यांना मिळून? उगाच माझ्यासाठी वेगळं कशाला."

मी मेन्यू मिटला. म्हणालो, "ते गुंटूरचं चिकन घेऊ. मला तर बाबा तिखटच आवडतं."

अनघाने माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हिरवी मिरची दिसली तरी घाम फुटतो हे तिला माहीत आहे. पण तिने शलाकाचा मेन्यू मिटला आणि म्हणाली, "आणि मासा. आज मला मासाच हवाय." देवाने पोटभर चिकन खाल्लं. मीही खाल्लं. माझ्या नाकाडोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि ते सगळं चिकनमुळे आहे असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

जेवण झाल्यावर मी म्हणालो, "जरा आत सांगून येतो."

रमणाने मला बघितलं आणि उलथनं उचललं. ताटलीभर खरवड निघाली. मी उलट्या डब्यावर बसून तिचा फोटो काढला आणि बॉथेलला पाठवला. खाली लिहिलं, "मावशी, आज तुमच्या वाटणीची."

उत्तर लगेच आलं. "ऑब्झर्व्हेशन एक. कडेची जास्ती, बुडाची कमी. मायनर. ऑब्झर्व्हेशन दोन. ताटलीच्या मागे सिंकमध्ये भगुनं तसंच दिसायलंय. मेजर."

मी शेवटचा तुकडा तोंडात टाकला, बाह्या वर केल्या आणि खुंटीवरचे हातमोजे काढले. ते मला लहान होत होते. तसेच चढवले.